यात्रेकरूंच्या वाटेवरचा किल्ला

प्रश्न : सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराजवळ परसगड आहे. त्यावरून मनात आले, की यात्रेकरूंना वाटमाऱ्यांपासून सांभाळण्यासाठीच बांधलेला एखादा मध्ययुगीन किल्ला जगात अन्यत्र आहे काय?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : असे ठिकाण पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर, हैफाच्या दक्षिणेस अटलित येथे आहे, मात्र तेथे आधी किल्ला नव्हता, एक बुरूज होता. अक्रे बंदरात उतरून जेरुसलेमकडे निघालेल्या ख्रिस्ती यात्रेकरूंची किनाऱ्यालगतची वाट येथे खडकात कोरलेल्या अरुंद खिंडीतून जाई आणि दबा धरून बसलेल्यांच्या तावडीत ते आयतेच सापडत. यात्रेकरूंच्या रक्षणासाठी १११९ च्या सुमारास स्थापन झालेल्या टेम्पलर या शस्त्रधारी संन्याशांच्या पंथाने खिंडीपाशी पहाऱ्याचा बुरूज उभारला. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर हा लहानसा बुरूजच आहे.

१२१७-१८ च्या हिवाळ्यात समोरच्या भूशिरावर मोठा किल्ला बांधावयास घेतला गेला. पाचव्या धर्मयुद्धासाठी आलेल्या यात्रेकरूंनी त्या कामाला हातभार लावला, म्हणून त्याला ‘यात्रेकरूंचा किल्ला’ हेच नाव पडले. जेरुसलेम तर ११८७ मध्येच सलाहुद्दीनने जिंकलेले होते. त्यामुळे एवढ्या तटबंदीमागे वाटसरूंच्या काळजीइतकीच गेलेले राज्य परत मिळवण्याची तयारीही होती, हे मान्य केले पाहिजे. पाया खणताना जुनी नाणी आणि गोड्या पाण्याचे झरे सापडल्याचे तत्कालीन वृत्तांतात नमूद आहे. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या जागी त्या झऱ्यांचे मोल किती, हे सिंधुदुर्गाच्या विहिरी पाहिलेल्यांना वेगळे सांगावयास नको. जमिनीच्या बाजूस खंदक आणि त्यामागे दोन तट होते. आतला तट बाहेरच्यापेक्षा बराच उंच असल्यामुळे दोन्हींवरील धनुर्धारींना एकाच वेळी मारा करता येई.

१२२० मध्ये दमास्कसचा अल-मुअज्जम चालून आला, तेव्हा शत्रूच्या उपयोगी पडू नये म्हणून टेम्पलरांनी जुना बुरूज स्वतःच पाडला. किल्ल्याचा वेढा मात्र निष्फळ ठरला. पुढेही तो लढून कोणी घेतला नाही. मे १२९१ मध्ये अक्रे पडल्यावर एकाकी झालेली शिबंदी ऑगस्टमध्ये समुद्रमार्गे निघून गेली.

१८३७ च्या भूकंपाने किल्ल्याची मोठी पडझड झाली. उत्तरेकडील मनोऱ्याची ३० मीटरहून उंच भिंत अद्याप उभी आहे. परंतु परिसर इस्रायली नौदलाच्या ताब्यात असल्याने प्रवाशांना ती दुरूनच पाहावी लागते.