पांढऱ्या जमिनीतल्या काळ्या रेघा

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातल्या उत्खननासाठी तुझी निवड झाली हे वाचून फार आनंद झाला. शेवटी तू विचारलंस, "सर, रोमन काळातली असली तरी शेतकऱ्यांचीच वस्ती ती, तिथे काही सापडेल का?" या प्रश्नासाठीच हे पत्र लिहायला बसलो आहे.

तुझ्या मनातलं रोम तेर, नेवासा आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीवरून आलेलं आहे. ब्राँझचा समुद्रदेव पोसायडन, अँफोरांची म्हणजे दारू-तेलाच्या रोमन रांजणांची खापरं. ते व्यापाऱ्यांबरोबर समुद्र ओलांडून आलेलं रोम. तू चालली आहेस तिथली माणसं साम्राज्याच्या आत राहत होती, त्याला कर भरत होती. इ.स. ४३ मध्ये रोमनांनी ब्रिटनवर स्वारी केली आणि साधारण ४१० पर्यंत त्यांची सत्ता टिकली. या काळात तिथले बहुसंख्य लोक वाड्यावस्त्यांवर राहत होते. मोझेकची जमीन आणि गरम पाण्याची न्हाणीघरं असलेले व्हिला पुस्तकांत पानोपानी दिसतात, पण तसं घर फार थोड्यांचं होतं. उरलेल्यांचं काय, हे विचारणारं उत्खनन तुला पहिल्याच परदेशवारीत मिळतंय. मला विचारशील तर हे भाग्य आहे.

आता जमिनीबद्दल. इथे तू पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या, टेकाडावर शिकलीस. मातीच्या भिंती पडल्या, त्यावर नवी घरं उठली, राख साचली, गाव पिढ्यान्‌पिढ्या वर चढत गेलं. म्हणून आपण वरून खाली थर मोजत जातो. डॉर्सेटमध्ये टेकाड शोधू नकोस. तिथली घरं लाकूड, कूड आणि गवताची होती, ती कुजून गेली. त्यानंतर शतकानुशतकं नांगर फिरला. चुली, अंगणं, चालायची जमीन हे सगळं बहुतेक ठिकाणी नांगराने खाल्लेलं असतं. दात नसलेल्या बकेटचं यंत्र वरची माती अलगद काढून घेतं, तेव्हा खाली लख्ख पांढरा चॉक, म्हणजे मऊ चुनखडी, दिसतो आणि त्यात काळपट रेघा आणि ठिपके. गावाचं एवढंच उरलेलं असतं: जे नांगराच्या फाळापेक्षा खोल खणलं गेलं ते. आपल्याकडे काळ्या रानात पांढरी दिसली की वस्ती ओळखायची, तिथे पांढऱ्यात काळं शोधायचं. पहिले काही दिवस डोळे गोंधळतील. चॉक उन्हात चकाकतो आणि वाळला की सगळे रंग एकसारखे फिके होतात. ढगाळ सकाळी बघ, पाण्याचा हलका फवारा मार, आणि ट्रॉवेलने, म्हणजे लहान थापीने, मागे सरकत खरवड, म्हणजे साफ केलेल्या भागावर तुझाच पाय पडणार नाही.

त्या काळ्या रेघांत एखादी गोल, एका बाजूला खंड पडलेली रेघ दिसली तर ते घर समज. ती भिंत नसते. वळचणीचं पाणी वाहून जावं म्हणून गोल घराभोवती खणलेला तो चर असतो आणि खंड असतो तिथे दार, बहुतेक वेळा पूर्वेला किंवा आग्नेयेला. घर स्वतः नाहीसं झालेलं आहे, त्याच्या छपरावरून पडणाऱ्या पावसाची हद्द तेवढी उरली आहे. गोल घरांची ही रीत रोमनांच्या आधीची, आणि ते आल्यावरही बरीच वर्षं चालू राहिली. चौकोनी घरं हळूहळू आली.

चरांना कंटाळू नकोस. अशा उत्खननात तुझा बहुतेक वेळ चरांतच जाणार आहे आणि नवी मुलं इथेच हिरमुसतात. चर म्हणजे शेताचा बांध, गुरांचा वाडा, दोन घरांमधली हद्द. आडवा छेद घेतलास की तळाशी चॉकचे मोठे तुकडे दिसतील. उघड्या कडा हिवाळ्यात गोठणाऱ्या दहिवराने फुटून पहिल्या काही वर्षांतच ढासळतात, त्याचा हा भराव. त्यावर मग बारीक माती सावकाश साचते. हे नुसतं अनुमान नाही. १९६० मध्ये विल्टशायरला ओव्हरटन डाउनवर संशोधकांनी मुद्दाम एक बांध आणि चर नव्याने तयार केला आणि १२८ वर्षांत ठरावीक अंतराने तो छेदून पाहायची योजना आखली. ती सुरू करणाऱ्या कोणालाच शेवटचा छेद दिसणार नव्हता, तरी त्यांनी ती आखली. या शास्त्रावर माझं प्रेम आहे ते अशा माणसांमुळे.

छेदात जुन्या भरावाला कापून खाली गेलेली दुसरी कड दिसली तर तिथे थांब. तो चर कुणीतरी पुन्हा उकरलेला आहे. म्हणजे हद्द विसरली गेली नव्हती, वाद असेल किंवा वारसा असेल, पण ती राखावी असं कुणाला तरी वाटलं. आपल्या गावाकडच्या बांधाच्या भांडणांची आठवण ठेवूनच तो छेद वाच. तुला तिथे तो फायदा आहे.

खड्ड्यांच्या बाबतीतही. डॉर्सेट-विल्टशायरच्या चॉकमध्ये लोहयुगातले खोल खड्डे मिळतात, ती धान्याची पेवं. तोंड नीट बंद केलं की कडेचे दाणे मोडावून आतला प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि बाकीचं धान्य सुरक्षित राहतं. पीटर रेनॉल्ड्स यांनी हॅम्पशायरच्या बट्सर फार्मवर प्रत्यक्ष पेवं भरून हे दाखवलं. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं पाहिलेल्या माणसाला यात आश्चर्य वाटणार नाही. रोमन काळात ही पेवं मागे पडत गेली, ती कचऱ्याने भरली, आणि तुझ्यासाठी तो कचराच मोलाचा आहे.

त्यात तुला काळी, चकाकी दिलेली, हाताने घडवलेली स्वयंपाकाची भांडी उदंड मिळतील. ती डॉर्सेटमधलीच, पूल बंदराच्या आसपासची. तिथल्या कुंभारांनी चाकाविना चालत आलेली आपली रीत सोडली नाही आणि तीच भांडी दुसऱ्या शतकात देशाच्या दुसऱ्या टोकाला, रोमन सीमेवरच्या हेड्रियनच्या भिंतीवरच्या सैनिकांच्या चुलीवर पोचली. साम्राज्याने खेड्याला काय दिलं हे सगळे लिहितात. खेड्याने साम्राज्याला काय पुरवलं, ते या काळ्या खापरात आहे. त्यामुळे गॉलहून, म्हणजे आजच्या फ्रान्सकडून, आलेलं सेमियन नावाच्या लाल, चकचकीत भांड्याचं खापर दिसलं की सगळे धावतील, तू तुझी काळी खापरं आधी नीट पिशवीत घाल, पिशवीवर क्रमांक लिही, मग जा.

सेमियनवर कधी कुंभाराचा शिक्का असतो आणि त्याचा काळ वीस-तीस वर्षांच्या आत ठरवता येतो. पण तो काळ भांडं घडवल्याचा असतो, चर भरल्याचा नव्हे. शेतकऱ्यांच्या घरांत शिशाचे टाके घालून सांधलेले सेमियनचे वाडगे मिळतात. जपून, पुढच्या पिढीला देऊन वापरलेलं भांडं फुटलं तेव्हा ते घडवणारा कधीच मेलेला असेल. नाण्यांचंही तेच. भरावातल्या सगळ्यांत नव्या वस्तूकडे बघ. भराव त्याआधीचा असू शकत नाही, एवढंच ती सांगते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. घराजवळच्या चरात किंवा खड्ड्याच्या कडेला तान्ह्या बाळाची हाडं मिळू शकतात. तिकडे हे नेहमीचं आहे. हाडं दिसताच हात थांबव आणि प्रमुखांना बोलाव, कारण इंग्लंडमध्ये मानवी अवशेष काढण्यासाठी न्याय मंत्रालयाचा परवाना लागतो. 'टाकून दिलेलं मूल' असं कुणी सहज म्हणालं तर इनामगाव आठव. तिथे ताम्रपाषाण काळात मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरत. मूल घराजवळ ठेवण्यामागे काय भावना होती हे हाडं सांगत नाहीत. आपणही नोंदीत ती घालू नये, मायेचीही नाही आणि उपेक्षेचीही नाही.

तू जाणार त्याच मुलखात, क्रॅनबोर्न चेसमध्ये, जनरल पिट-रिव्हर्स यांनी १८८० च्या दशकात वुडकट्स आणि रॉदर्ली ही दोन रोमन काळातली खेडी खणली. बाकीचे लोक नटवलेल्या वस्तूंमागे होते तेव्हा हा माणूस खापर, हाड, खिळा सगळ्याची जागा नोंदवत होता. सामान्य वस्तू जास्त महत्त्वाची, कारण ती जास्त जणांची, असं त्याचं मत होतं. खणलेल्या जागी तळाशी तो धातूची चकती ठेवायचा, पुढच्या संशोधकाला कळावं म्हणून. आणि खरी कसोटी पुढे लागली. १९४० च्या दशकात क्रिस्टोफर हॉक्स यांनी वुडकट्सच्या छापील नोंदी पुन्हा वाचल्या आणि वस्तीचे तीन टप्पे वेगळे काढले, जनरलना न दिसलेले. नोंद इतकी प्रामाणिक होती की तिच्याच आधाराने तिच्या कर्त्याला दुरुस्त करता आलं. तुझ्या कॉन्टेक्स्ट शीटकडून, म्हणजे प्रत्येक थराच्या आणि चराच्या नोंदीच्या तक्त्याकडून, माझी अपेक्षा हीच आहे. मोजमाप, रंग, पोत, कोण कोणाला कापतं हे आधी लिही. तुझा अर्थ वेगळ्या रकान्यात.

ही शिस्त पुण्याला परकी नाही. पिट-रिव्हर्सना मानणारे मॉर्टिमर व्हीलर १९३४ ते ३७ डॉर्सेटमध्येच मेडन कासल हा लोहयुगातला टेकडीवरचा किल्ला खणत होते आणि तरुण ह. धी. सांकलिया त्या उत्खननात त्यांच्या हाताखाली होते. पुढे सांकलियांनी डेक्कन कॉलेजात जे उभं केलं, त्यातच तू वाढली आहेस. सुट्टीच्या दिवशी मेडन कासलला जाऊन ये.

जाण्याआधी २०२५ चा डॉर्सेटमधल्या दफनांच्या डीएनएवरचा अभ्यासही वाचून ठेव. विंटरबोर्न किंग्स्टनच्या परिसरातल्या ५० हून अधिक व्यक्तींच्या तपासणीतून दिसलं की तिथल्या ड्युरोट्रिजेस लोकांत बायका जन्मगावीच राहत आणि पुरुष लग्न करून बाहेरून येत. रोमन येण्याच्या आधीपासूनची ही रीत. म्हणजे तो चर पुन्हा उकरणारी, हद्द राखणारी घराची मालकीण असू शकते. छेद काढताना सतत 'शेतकरी, त्याचा वाडा, त्याचं शेत' असं लिहिण्याआधी हे ध्यानात असू दे.

आणि एक विनंती. सगळ्यांना ट्रेंचमध्ये राहायचं असतं, माती धुवायच्या टाकीवर कुणी जात नाही. तू आपणहून माग. बादल्या भरून आणलेली माती पाण्यात ढवळली की जळलेले दाणे वर तरंगतात: स्पेल्ट हा जुन्या जातीचा गहू, सातू, त्यांतलं तण, कधी मोड आलेले दाणे, म्हणजे बिअरसाठी माल्ट केल्याची शक्यता. चॉकच्या जमिनीत गोगलगायींचे बारीक शंखही टिकतात आणि आजूबाजूला झाडी होती की उघडं माळरान, हे त्यावरून ठरतं. खापरांनी तुला घर दिलं, या टाकीतून शेत आणि ताट मिळेल. तिथल्या बाईंना किंवा बुवांना दाणे ओळखायला शिकवा म्हणावं, वही बरोबर ने, आणि काढलेली चित्रं मला पाठवत जा.

गुडघ्याखाली घ्यायला जाड मॅट आणि उन्हाची टोपी विसरू नकोस.

तुझे सर