ब्रिटनमध्ये खुनासारख्या गंभीर गुन्ह्यांसाठी फाशीची शिक्षा परत आणावी का?

नाही, आणू नये, कारण न्यायालयाची चूक उघडकीला आली तरी फाशी गेलेला माणूस परत आणता येत नाही. टिमथी इव्हान्सचं प्रकरण बघा. स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल त्याला मार्च १९५० मध्ये फाशी दिली. तो शेवटपर्यंत सांगत होता, हे त्याच घरात तळमजल्यावर राहणाऱ्या जॉन ख्रिस्ती नावाच्या शेजाऱ्याचं काम आहे. आणि सरकार पक्षाचा मुख्य साक्षीदार कोण? तोच ख्रिस्ती! तीन वर्षांनी त्याच घरात, स्वयंपाकघरातल्या वॉलपेपरमागे बायकांची प्रेतं सापडली. इव्हान्सच्या बायकोचाही मुलीबरोबरच खून झाला होता; तिला आपणच मारल्याचं ख्रिस्तीने कबूल केलं. इव्हान्सला माफी मिळाली १९६६ साली, म्हणजे मेल्यानंतर सोळा वर्षांनी. याउलट बर्मिंगहॅम बॉम्बस्फोटांत १९७५ मध्ये दोषी ठरवलेले सहाजण १९९१ मध्ये निर्दोष सुटले. सोळा वर्षं गेली, पण ते जिवंत बाहेर आले. त्या स्फोटांत २१ माणसं मेली होती, लोक संतापलेले होते. फाशी असती तर हे सहाजण वाचले असते असं मला वाटत नाही. फाशीने जरब बसते म्हणावं, तर तसा भक्कम पुरावा नाही: अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये तिथले अभ्यास तपासले आणि त्यांवरून काहीच निष्कर्ष काढता येत नाही असं सांगितलं. मात्र हे सगळं मी एका अटीवर म्हणतोय. अत्यंत क्रूर खुन्याला मरेपर्यंत तुरुंगात ठेवायची तरतूद कायद्यात आज आहे, ती तशीच राहिली पाहिजे. तो उद्या सुटून येईल ही धास्ती मेलेल्याच्या घरच्यांना जन्मभर बाळगायला लावणं हाही अन्यायच आहे.