नॉमिनीकडून फ्लॅट घेतोय, बँकेच्या वकिलाने कागद तपासलेत. तरी वेगळा वकील करावा का?

हो, करा. आणि टोकन देण्याआधी करा.

तुम्ही लिहिलंय की विक्रेत्याचे वडील वारले, तो नॉमिनी होता म्हणून सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट (सभासदत्वाचा दाखला) त्याच्या नावावर झालं आणि तुमचं कर्जही मंजूर झालंय. एजंट म्हणतो, आता आणखी काय तपासायचं? मला यातली नॉमिनीची गोष्टच सगळ्यात जास्त खटकते.

मी बरीच वर्षं आमच्या सोसायटीचा सचिव आहे. नॉमिनीच्या नावावर शेअर करताना आम्ही नॉमिनेशनचा फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि इंडेम्निटी बाँड (पुढे कोणी दावा केला तर भरपाईची हमी) बघतो. कमिटीत ठराव होतो, सर्टिफिकेटच्या मागे नोंद होते. मृत सभासदाचे वारस किती, कोणाचा हिस्सा किती, हे ठरवणं सोसायटीचं कामच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये इंद्राणी वाही प्रकरणात सोसायटीने नॉमिनीच्या नावे शेअर करावेत असं सांगितलं, पण बाकी वारसांना हक्क मागण्याचा रस्ता मोकळाच ठेवला. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ मध्ये आलेलं कलम १५४ब-१३ तर नॉमिनीला वारसांची नोंद होईपर्यंत तात्पुरता सभासद मानतं. म्हणजे सर्टिफिकेटवर नाव आहे एवढ्यावर तो एकट्याने विकू शकत नाही.

मग मालक कोण? कुटुंब हिंदू असेल, फ्लॅट वडिलांनी स्वतः घेतलेला असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई यांना सारखा हिस्सा मिळतो. मुलीचं लग्न झालंय म्हणून तिचा हक्क जात नाही. आईला मात्र हमखास विसरतात. वडील गेले तेव्हा विक्रेत्याची आजी हयात होती का, हे जरूर विचारा. ती नंतर मृत्युपत्र न करता वारली असेल, तर तिचा हिस्सा तिच्या बाकीच्या मुलामुलींकडेही जातो, म्हणजे विक्रेत्याचे काका आणि आत्याही मध्ये येतात. कोणी वारस अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा असेल तर कोर्टाची परवानगी लागते. हे सगळं कुटुंबाची माहिती खोदून काढल्याशिवाय कळत नाही, आणि तुमच्या बाजूने खोदणारा माणूस हवा.

बँकेच्या वकिलाचा रिपोर्ट बँकेच्या नावे असतो. बँकेला आपलं कर्ज सुरक्षित आहे की नाही एवढंच बघायचं असतं. उद्या विक्रेत्याच्या बहिणीने दावा लावला तरी तुमचा हप्ता थांबत नाही.

तुमच्या वकिलाने दोनपैकी एक करून घ्यावं: बाकी सगळ्या वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र, किंवा सगळ्यांना विक्रीच्या करारात सह्यांसाठी सामील करून घेणं. स्टँप पेपरवर नोटरी केलेली ‘आमची हरकत नाही’ ही चिठ्ठी चालणार नाही. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावाच लागतो.

बाकीची तपासणी नेहमीचीच. तीस वर्षांचा सर्च (नोंदणी कार्यालयातल्या जुन्या दस्तांचा शोध), आधीचे सगळे करार आणि त्यांवरची स्टँप ड्युटी, भोगवटा प्रमाणपत्र, जुनं कर्ज फिटल्याचा दाखला, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. मूळ करार डोळ्यांनी बघा. फक्त झेरॉक्स दाखवत असतील तर मूळ कागद कुठेतरी गहाण असू शकतात. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (आयकर) तुम्हाला कापायचा आहे, आणि एखादी बहीण परदेशात राहत असेल तर तिच्या हिश्शाला वेगळा नियम लागतो. तेही वकिलाला आधीच सांगा.

वकील एजंटने सुचवलेला नको, विक्रेत्याचा तर नकोच. फी आधी ठरवा आणि टायटल रिपोर्ट (मालकी हक्काच्या तपासणीचा अहवाल) तुमच्या नावे, लेखी मागा. टोकन द्यायचंच असेल तर पावतीवर लिहून घ्या की टायटल निर्वेध नसेल तर पूर्ण रक्कम परत मिळेल.

पण त्याआधी विक्रेत्याला फोन करून वडील गेले तेव्हा घरात कोण कोण हयात होतं ते विचारा. सगळी नावं लिहून घ्या आणि तो कागद घेऊनच वकिलाकडे जा.