प्रलयानंतरचा ट्रॅक्टर कशावर चालेल?

प्रश्न : माझ्या कादंबरीत जग कोसळून पंधरा वर्षे झाली आहेत आणि नायक बंद पेट्रोलपंपाच्या टाकीतले डिझेल भरून ट्रॅक्टर चालवतो. मित्र म्हणतो, हे पटत नाही. मग सरकीच्या तेलावर तो चालेल का?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : आपल्या मित्राचे म्हणणे रास्त आहे. पेट्रोल वर्षभरात उतरते, डिझेल त्याहून थोडे अधिक टिकते. पंधरा वर्षांनी टाकीत पाणी, गाळ आणि चिकटाच उरायचा. तेलावर मात्र डिझेल इंजिन चालते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तसे एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. घाण्यावरचे तेल दाट असल्याने थंड इंजिनात फवारा नीट उडत नाही आणि नोझलवर काजळी धरते, म्हणून ते गाळून, तापवून द्यावे लागते. त्याचे बायोडिझेल, म्हणजे डिझेलसारखे पातळ इंधन, करायचे, तर शंभर लिटर तेलाला सुमारे वीस लिटर मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा हवा. ते मिथेनॉल नायक आणणार कुठून? त्याऐवजी मोहाची दारू ओतली, तर तिच्यातल्या पाण्यामुळे इंधनाऐवजी साबणच हाती येईल. (हा प्रसंग कादंबरीत जरूर घ्यावा.)

खरी अडचण सरकीची आहे. मध्यम ट्रॅक्टर नांगरताना तासाला तीन-चार लिटर पितो आणि घाण्यावर तेवढे तेल काढायला तीसेक किलो सरकी लागेल. ढेप गुरांना उरते हे खरे. पण आज आपण लावतो ते संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, घरचे ठेवून पेरले तर पीक एकसारखे येत नाही. पंधरा वर्षांनी चोपड्याच्या शिवारात कपाशी असलीच, तर ती जुनी देशी असेल, आणि जिनिंग बंद असल्याने तिची सरकी हातरेच्यावर, म्हणजे हाताने फिरवायच्या यंत्रावर, काढावी लागेल. त्यापेक्षा शेंगदाणा परवडतो, कारण दहा किलो दाण्यांत तासाभराची सोय होते. पण ते दाणे कुणाच्या ताटातून काढायचे, यावर गावात भांडण होणारच, आणि माझ्या मते आपले कथानक तिथेच आहे.

सातपुड्यातून टोळंबीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे, तेल आणवलेत, तर एवढे ध्यानात ठेवावे की ते थंडीत तुपासारखे थिजते. डिसेंबरातल्या पहाटे नायकाला किल्ली फिरवण्याआधी तेलाच्या डब्याखाली गोवऱ्यांचा विस्तव ठेवावा लागेल.