कॅमेरा घ्या, पण हप्त्यावर नको

प्रश्न: मी कोल्हापुरात शाळेत शिक्षिका आहे, मिस्टर शिरोली एमआयडीसीत. दोघांचे मिळून हातात ८८,००० येतात. घराचा हप्ता २७,५००, घरखर्च ३६,०००, एसआयपी १०,०००. बँकेत १ लाख १० हजारांची एफडी आहे, बाकी शिल्लक नाही. मला कॅननचा जी७ एक्स मार्क ३ हा छोटा कॅमेरा रोजच्या वापरासाठी घ्यायचा आहे. दुकानात ७६,००० सांगतात, १२ महिने नो-कॉस्ट ईएमआय. ओळखीतला एक जण इम्पोर्टेड पीस बिलाशिवाय ५८,००० ला देतो म्हणतो. मिस्टर म्हणतात, फोन आहे की!

उत्तर: ताई, आधी तुमच्या मिस्टरांचं म्हणणं बघू, कारण ते अर्धं खरं आहे. घरातले, बाजारातले, संध्याकाळी रंकाळ्यावरचे फोटो आजचा बरा फोन छान काढतो. अंधारात तर तो चार-सहा फ्रेम जोडून असं काही करतो की छोटा कॅमेरा मागे पडावा. कॅमेऱ्याचं पारडं जड होतं ते गॅदरिंगला. लेक स्टेजवर नाचतेय, तुम्ही सातव्या रांगेत, आणि फोन झूम केला की चेहऱ्याचा लगदा. या कॅमेऱ्याची लेन्स २४ ते १०० मिलिमीटरच्या तोडीची आहे, म्हणजे सुमारे चारपट झूम, आणि तो खरा, काचेचा आहे. सेन्सरला, म्हणजे आतल्या प्रकाश टिपणाऱ्या भागाला, ‘एक इंची’ म्हणतात, पण प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचाच. तरीही मध्यम किमतीच्या फोनच्या सेन्सरपेक्षा दुपटीहून मोठा. मात्र याला डोळा लावून बघायची खिडकी नाही, त्यामुळे पन्हाळ्यावर भर दुपारी स्क्रीनवर काय दिसतंय ते अंदाजानेच घ्यावं लागेल. पाऊस-धुळीपासून संरक्षण नाही. वजन ३०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पर्समध्ये फोनशेजारी आणखी एक फोन. ते ओझं तुम्ही रोज न्याल का, हे मी इथून सांगू शकत नाही. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एखाद्या ओळखीच्याकडून किंवा पुण्यातल्या कॅमेरे भाड्याने देणाऱ्या दुकानातून असा छोटा कॅमेरा दोन-तीन दिवस आणा आणि शाळेत जाता-येता सोबत ठेवा. तिसऱ्या दिवशी तो घरीच राहिला, तर ७६,००० वाचले.

आता हप्त्याचं. नो-कॉस्ट हा शब्द मला आवडत नाही. व्याज शून्य नसतं. बँक ते लावतेच, दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. १६ टक्के दर धरला तर तुमच्या ७६,००० मध्ये सुमारे ६,२०० रुपये व्याज बसतं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे अकराशेच्या वर, तो तुमच्याच खिशातून. प्रोसेसिंग फी वेगळी. दुकानात एकच विचारा, “रोख दिले तर कितीला?” आकडा खाली आला, तर तो फरक म्हणजे नो-कॉस्टची कॉस्ट. आणि ईएमआय क्रेडिट कार्डावर असेल आणि एखादा हप्ता चुकून बिल थकलं, तर कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातं.

पण माझी खरी अडचण वेगळी आहे. घरखर्च आणि घराचा हप्ता मिळून तुम्हाला महिन्याला ६३,५०० लागतात. १ लाख १० हजारांची एफडी म्हणजे दोन महिनेसुद्धा नाहीत. शिरोलीत काम मंदावलं की ओव्हरटाइम आधी बंद होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यामुळे एफडी मोडायची नाही. एसआयपीही थांबवू नका, एकदा थांबलेली पुन्हा सुरू होता होता दोन दिवाळ्या जातात.

तुमच्याकडे महिन्याला १४,५०० उरतात. त्यातले ९,५०० एफडीच्या जोडीला टाका आणि ५,००० ची वेगळी आवर्ती ठेव कॅमेऱ्याच्या नावाने उघडा. १५ महिन्यांनी आणीबाणीचा पैसा अडीच लाखांवर, म्हणजे चार महिन्यांच्या जवळ येतो, आणि कॅमेऱ्याचे ७५,००० अधिक व्याज त्याच महिन्यात तयार होतात. दिवाळीचा बोनस आला तर अर्धा इकडे, अर्धा तिकडे, मग मुदत आणखी कमी. तोपर्यंत नवं मॉडेल येईल, हे जुनं स्वस्त होईल किंवा मिळेनासं होईल. काहीही झालं तरी पैसे तुमच्याकडेच असतील.

जादा बॅटरी, चांगलं मेमरी कार्ड आणि पाउच यांचे पाच-सहा हजार वेगळे धरा. एका चार्जवर या कॅमेऱ्यात दोनशे-सव्वादोनशे फोटो निघतात, सहलीच्या दिवशी ते दुपारपर्यंत संपतात. हवाबंद डबा आणि सिलिका जेलही हवंच. मी एक कॅमेरा पावसाळाभर कपाटात कपड्यांखाली ठेवला होता. दसऱ्याला काढला तर लेन्समध्ये बुरशीचं जाळं. या छोट्या कॅमेऱ्यांची लेन्स बदलता येत नाही, दुरुस्तीला गेलं की सगळा लेन्सचा भागच बदलायला सांगतात आणि खर्च ऐकून माणूस खुर्ची शोधतो.

५८,००० च्या पीसला हात लावू नका. बिल नाही म्हणजे भारतातली वॉरंटी नाही, विम्याचा दावा नाही, आणि उद्या विकायला काढलात तर घेणारा पहिलं बिलच मागणार. दुकानातून घेतानाही खोक्यावरचा, कॅमेऱ्याच्या बुडावरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच आहे का, हे काउंटरवरच बघा, मग पैसे द्या.