पेटी राहणार कुठे?

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

वाडीतल्या पोरांना वाद्यं मिळावीत म्हणून तू केलेला अर्जाचा मसुदा वाचला. ८ तबलाजोड्या, ६ पेट्या म्हणजे हार्मोनियम, ४ पखवाज आणि वाडीच्या गरिबीवर दोन पानं. ती दोन पानं आधी काढ. गरिबीची वर्णनं देणगी देणाऱ्या विश्वस्तांकडे ढिगानं येतात. पेटी मिळाल्यावर तिचं पुढे काय होणार, हे मात्र क्वचितच कुणी लिहितं. तूही लिहिलेलं नाहीस.

पेटी राहणार कुठे आणि किल्ली कुणाकडे, हे आधी ठरव. आपल्याकडे वाद्यंच नाहीत असं थोडंच आहे? भजनी मंडळ असलेल्या वाडीत पेटी, पखवाज, झांजा, चकवा असतातच. पण ती देवळात, नाहीतर बुवांच्या घरी. आणि पोर जवळ गेलं की आतून आवाज येतो, ‘पेटीक हात लावू नको हां!’ बुवांना तरी दोष कसा द्यायचा? डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, तोंडावर आली असताना सूर बिघडलेली पेटी घेऊन कोण बसेल? तुझी वाद्यंही देवळात ठेवलीस तर हळूहळू ती मंडळाचीच होतील. शाळेत ठेवलीस तर संध्याकाळी, मे महिन्यात आणि नेमकी गणपतीत कुलपात. मला विचारशील तर वाचनालय. तिथे वस्तू घरी नेण्याची, वहीत सही करण्याची लोकांना सवय आहे. पेटीही तशीच घरी जाऊ दे. ज्या मुलीला आई मासळी विकायला गेली की धाकटी भावंडं सांभाळायची असतात, ती तुझ्या सहा वाजताच्या वर्गाला येणार नाही. तिच्या घरी पेटी आठवडाभर राहिली तर ती सूर धरेल. बिघडली तर? बिघडणारच. ते पैसे अर्जात धर.

आणि आपल्याकडे पाऊस आहे. जूनपासून चामडं सैल पडतं, तबला चढत नाही, त्यावरचा काळा लेप म्हणजे शाई सुटते. पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात, भाता हवा सोडतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाची कणीक वाजवून झाल्यावर काढली नाही तर उंदीर आणि झुरळं ती पुडीसकट, म्हणजे वरच्या चामड्यासकट, फस्त करतात. वाद्यांची खरी गरज लागते ती श्रावणात आणि गणपतीत, म्हणजे ती सगळ्यात वाईट अवस्थेत असतात तेव्हा! त्यामुळे निम्मीच वाद्यं माग. उरलेली रक्कम पुड्या बदलणं, पेटी सुरात लावून घेणं, कोरडं कपाट, शिकवणाऱ्याचं मानधन आणि त्याचं एसटीभाडं यांसाठी दाखव. देणाऱ्याला खरेदी आवडते, कारण तिचा फोटो निघतो. दुरुस्तीचा फोटो निघत नाही, म्हणून ती तुलाच हट्टानं मागावी लागेल. फोटोवरून आठवलं, मुलांना रांगेत उभं करून हातात वाद्य देतानाचे फोटो काढायला नाही म्हण. त्यांचं वाजवणं ऐकायला बोलाव.

तबला कोणत्या पट्टीचा हवा तेही लिही, नाहीतर दुकानात पडून असेल तो येईल.

आता पैसे कुठून. २०२५ च्या गणेशोत्सवाआधी राज्य सरकारनं १८०० भजनी मंडळांना साहित्यखरेदीसाठी प्रत्येकी २५ हजार रुपये जाहीर केले. आकडा मोठा वाटतो, पण तो सगळ्या महाराष्ट्राचा. आपल्या एका तालुक्यातली मंडळं मोजायला बस, मग कळेल. शिवाय तुझी पोरं मंडळ नाहीत. कंपन्यांचं म्हणशील तर २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि पारंपरिक कला त्यात बसतात. पण बाहेरच्या संस्थेमार्फत काम करायचं तर ती नोंदणीकृत हवी, १२-ए आणि ८०-जी या करसवलतीच्या नोंदण्या असलेली, ३ वर्षांच्या कामाची आणि कंपन्यांचा असा निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी केलेली. तुमचा गट कालपरवाचा. नवीन संस्था काढायच्या भानगडीत पडू नकोस. ही कागदपत्रं असलेली जुनी संस्था गाठ आणि तिच्या नावानं अर्ज कर. कंपन्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं. मार्चअखेर घाईघाईनं पैसे आले तर वाद्यं पावसाच्या तोंडावर येऊन पडतील. ऑक्टोबरात वाद्यं मिळावीत असं लिही, शिमग्यापर्यंत पोरांचा हात बसेल.

मुंबईच्या चाकरमान्यांनाही विसरू नकोस. चाळीत खाटेखाली पडलेल्या पेट्या पुष्कळ आहेत. मागितल्या तर मिळतात. फक्त आणण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च आधी जुळव, म्हणजे भंगार जमा होणार नाही.

एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस, ती मला खटकली. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाचे कलाकार चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगणं, आणि कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करतात. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ ला पद्मश्री मिळाली. त्यांच्या कथेला हुडूक हे छोटं चर्मवाद्य लागतं. ठाकरांची पोरं तुझ्या यादीत येत असतील तर त्यांना तबला देऊन काय साधणार? अडचण एवढीच की गावातला कारागीर जीएसटीचं बिल देत नाही आणि हिशेब तपासणारा बिलावाचून हलत नाही. यावर उपाय आहे. कारागिराच्या खात्यात पैसे भर, त्याच्याकडून सहीची पावती घे, रक्कम ५ हजारांवर असेल तर १ रुपयाचा महसुली स्टॅम्प लाव आणि कामाचं वर्णन त्याच्याच शब्दांत जोड. पण हे चालेल का, ते अर्ज करतानाच विचारून ठेव.

अंदाजपत्रक नव्यानं करून पाठव. पत्र नंतर लिहू. वाचनालयाच्या चिटणीसांशी मी बोलतो, पण बुवांकडे तू स्वतः जा आणि त्यांनाच पहिला वर्ग घ्यायला सांग.

तुझे
मास्तरकाका