वाचकांचे प्रश्न: आरओचे वाया जाणारे पाणी

प्रश्न: आमच्या घरी आरओ यंत्र आहे. त्याच्या बारीक नळीतून दिवसभर मोरीत जाणारे पाणी बघवत नसे, म्हणून ते बादलीत साठवून मी सगळ्या कुंड्यांना घालू लागले. काही महिन्यांनी कुंड्यांतल्या मातीवर पांढरा थर दिसू लागला आणि घेवड्याच्या पानांच्या कडा करपल्या. बोगनवेल मात्र टवटवीत आहे. हे पाणी झाडांना घातक आहे का? घरात ते नेमके कुठे वापरावे?

उत्तर: हे पाणी घाण नसते आणि त्यात यंत्राने कोणतेही रसायन मिसळलेले नसते. नळाच्या पाण्यात जे क्षार आधीपासून विरघळलेले होते, तेच कमी पाण्यात गोळा झालेले असतात. किती गोळा झाले, याचा अंदाज घरबसल्या बांधता येतो. समजा, नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेल्या क्षारांचे मिलिग्रॅम, ४०० आहे आणि यंत्र चार लिटर पाण्यातून एक लिटर शुद्ध पाणी देते. मेम्ब्रेनने, म्हणजे यंत्रातल्या क्षार अडवणाऱ्या पातळ पडद्याने, सुमारे ९५ टक्के क्षार अडवले, तर शुद्ध पाण्याचा टीडीएस २० च्या आसपास येतो आणि उरलेल्या तीन लिटरांचा ५२५ ते ५३० पर्यंत जातो. म्हणजे मूळ पाण्यापेक्षा साधारण एक तृतीयांशाने जास्त. हेच यंत्र निम्मे पाणी शुद्ध करणारे असेल, तर वाया जाणारे पाणी कमी होते, पण त्याचा टीडीएस ७८० च्या घरात जातो. पाणी कमी वाया घालवणाऱ्या यंत्राचे सांडलेले पाणी अधिक खारे असते, ही गोष्ट बागेचा विचार करताना विसरू नये.

म्हणून सर्वांत आधी एक साधा टीडीएस मीटर घ्या. यंत्र दहा मिनिटे चालू द्या आणि मग नळीतले पाणी मोजा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सिंचनाच्या पाण्यासाठी जी मार्गदर्शक मर्यादा सांगितली आहे, तिच्यानुसार लिटरमागे ४५० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेले पाणी निर्धास्त वापरता येते, ४५० ते २००० पर्यंतच्या पाण्यासाठी पीक आणि जमीन पाहावी लागते आणि त्यापुढचे पाणी बहुतेक झाडांना सोसत नाही. टीडीएस मीटरवरचा आकडा याच मापात असतो.

तुमच्या घेवड्याचे आणि बोगनवेलीचे गणित इथेच सुटते. घेवडा आणि स्ट्रॉबेरी ही झाडे क्षारांच्या बाबतीत फार नाजूक आहेत. बोगनवेल आणि कण्हेर बरेच सोसतात. मुळांनी ओढलेल्या पाण्यातला बराचसा भाग पानांतून वाफ होऊन निघून जातो, सोडियम आणि क्लोराइड मात्र मागे राहतात आणि ते पानाच्या टोकाशी व कडांशी साठत जातात, म्हणून करपणे कडेपासून सुरू होऊन आत सरकते. जमिनीत लावलेल्या झाडांच्या मुळांपासून पावसाचे पाणी हे क्षार खाली धुऊन नेते. आडोशाला ठेवलेल्या कुंडीला ती सोय नसते. त्यातच आपण कुंडीला जेमतेम माती ओली होईल एवढेच पाणी घालतो, तेव्हा खालच्या छिद्रातून काहीच बाहेर पडत नाही आणि प्रत्येक पाण्याबरोबर आलेला क्षार आतच राहतो. मातीवरचा पांढरा थर तोच आहे.

आता उपाय. वरचा पांढरा थर मातीसकट खरवडून काढा. मग कुंडीच्या आकारमानाच्या सुमारे दुप्पट साधे पाणी हळूहळू, थांबत थांबत ओता आणि ते खालून पूर्ण निथळू द्या. ताटलीत साचलेले पाणी फेकून द्या, नाहीतर माती तेच परत शोषून घेते. यापुढे घेवड्याला साधेच पाणी घाला. बोगनवेलीला आरओचे पाणी चालेल, पण दर दोन-तीन पाण्यांनंतर एकदा साधे पाणी भरपूर घालावे. एक अपवाद मात्र कटाक्षाने पाळा: आरओच्या आधी पाणी मऊ करणारे मिठावर चालणारे सॉफ्टनर बसवलेले असेल, तर कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेला असतो. असे पाणी चिकण मातीची घडणच बिघडवते, म्हणून ते बागेत अजिबात वापरू नये.

घरातल्या कामांत या पाण्याला सर्वांत योग्य जागा म्हणजे शौचालय. घरात रोज १५ लिटर शुद्ध पाणी लागत असेल आणि यंत्र चारास एक या प्रमाणात चालत असेल, तर ४५ लिटर बाहेर पडते. सहा लिटरांच्या टाकीने ते सात वेळा फ्लशला पुरते आणि तिथे क्षारांनी फारसे काही अडत नाही. त्याखालोखाल फरशी पुसणे, पायपुसणी धुणे, खरकटी भांडी पहिल्यांदा विसळणे. कपड्यांसाठी वापरता येते, पण पाणी जड असेल तर साबणाला फेस कमी येतो, म्हणून भिजवायला हे आणि शेवटच्या खळबळण्याला साधे पाणी घ्यावे. काच, आरसे आणि गाडी यांवर ते वाळले की पांढरे डाग राहतात. गीझर, वाफेची इस्त्री, कूलर आणि बॅटरी यांच्यापासून हे पाणी दूरच ठेवावे.

प्रश्न: मूळ नळाचे पाणी पिण्याजोगे असेल, तर त्यापेक्षा थोडेसेच खारे असलेले हे पाणी स्वयंपाकाला किंवा पाळीव प्राण्यांना का चालू नये?

उत्तर: कारण टीडीएस मीटर फक्त एकूण क्षार सांगतो, त्यात काय आहे ते सांगत नाही. नळाच्या पाण्यात लिटरमागे १.२ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल, तर ते जागतिक आरोग्य संघटनेच्या १.५ च्या मर्यादेत आहे; पण मेम्ब्रेनने त्यातले ९० टक्के अडवले, तर वरच्याच प्रमाणात बाहेर पडणाऱ्या पाण्यात ते १.५६ होते, म्हणजे मर्यादा ओलांडते. आर्सेनिक आणि नायट्रेट यांचेही प्रमाण असेच वाढते. शिवाय आतल्या कार्बन फिल्टरने क्लोरीन काढून टाकलेले असते, त्यामुळे साठवलेल्या पाण्यात जंतू सहज वाढतात. म्हणून पिणे, स्वयंपाक आणि प्राण्यांचे पाणी या तिन्हींसाठी ते वर्ज्य समजावे, साठवण झाकलेली ठेवावी आणि दिवसा-दोन दिवसांत संपवावी.

प्रश्न: हे पाणी पुन्हा वरच्या टाकीत सोडले, किंवा नळीवर तोटी लावून प्रवाहच कमी केला, तर नासाडी थांबेल ना?

उत्तर: कृपया दोन्ही करू नका. वरच्या टाकीत सोडलेले पाणी पुन्हा यंत्रात येते, प्रत्येक फेरीत टाकीतले क्षार वाढतात आणि त्याचबरोबर तुमच्या पिण्याच्या पाण्याचाही टीडीएस चढतो. तोटी लावणे याहून वाईट. मेम्ब्रेनवरून वाहणारे हे पाणीच अडवलेले क्षार वाहून नेते. प्रवाह कोंडला की कॅल्शियमचे थर मेम्ब्रेनवर बसतात आणि ती अकाली निकामी होते. त्या वाटेवर यंत्रात बसवलेला फ्लो रिस्ट्रिक्टर, म्हणजे प्रवाह ठरावीक ठेवणारा छोटा भाग, मेम्ब्रेनच्या क्षमतेनुसार निवडलेला असतो, तो बदलायचा तर जाणकाराकडूनच बदलून घ्यावा. साठवणीच्या पिंपात नळी सोडताना तिचे टोक पाण्यात बुडणार नाही असे वरच बांधा आणि पिंप भरल्यावर जादा पाणी मोरीत जाईल अशी वाट ठेवा.

खरी बचत दुसरीकडे आहे. शुद्ध पाण्याची टाकी भरून यंत्र बंद झाले, की नळीतली धार काही मिनिटांत थांबली पाहिजे. ती थांबत नसेल, तर पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह बिघडलेला आहे आणि शुद्ध पाण्याचा एक थेंबही न मिळता रात्रभर पाणी वाहत आहे. बादली लावण्याआधी तो व्हॉल्व्ह बदलून घ्या.